मधला 'आर' खरा की 'जी-व्ही'? म्हशीच्या केसिनचा एक स्पेक्ट्रम हाताने वाचताना

मिरजेकडच्या एका एम.एस्सी.च्या विद्यार्थिनीचा प्रश्न असा आहे. तिने घरच्या म्हशीच्या दुधाचा पीएच ४.६ वर आणून केसिन (दुधातलं मुख्य प्रथिन) खाली बसवलं, ट्रिप्सिन या प्रथिन कापणाऱ्या एन्झाइमने तोडलं आणि नमुना पुण्याच्या एका केंद्राकडे ऑर्बिट्रॅपवर, म्हणजे वस्तुमान फार बारकाईने मोजणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरवर, चालवायला दिला. डेटा परत आला, डेटाबेसमधल्या प्रथिनांशी ताडणाऱ्या सर्चमध्ये केसिनची बरीच पेप्टाइडं (प्रथिनाचे तुकडे) सापडली. पण ८४४.४६५४ ला (हा आकडा म्हणजे वस्तुमान भागिले चार्ज) असलेला, दोन चार्जचा, चांगला दणदणीत सिग्नल कशालाच जुळला नाही. मग तिने डेटाबेस बाजूला ठेवून थेट स्पेक्ट्रमवरून क्रम काढणारा प्रोग्रॅम चालवला. त्याने एच-क्यू-जी-एल-पी-क्यू-आर-एल-एन-ई-एन-एल-एल-आर (प्रत्येक अक्षर म्हणजे एक अमिनो आम्ल) असं उत्तर दिलं, आणि भरवशाचा आकडाही वरचा दिला. तिचं म्हणणं, हे गायीच्या अल्फा-एस-१ केसिनच्या एका पेप्टाइडसारखं दिसतं, पण मध्ये 'आर' घुसलाय. मग हा आपल्याकडच्या पंढरपुरी म्हशीतला नवा व्हेरिएंट आहे का? आणि प्रोग्रॅमवर न विसंबता हे हाताने कसं वाचायचं? शिवाय अशा प्रोग्रॅमबद्दल माझं मत काय, आणि क्रमात 'एल' लिहायचा की 'आय', हेही तिने विचारलंय.

आधी उत्तर सांगून टाकतो, मग हिशेब. मधला 'आर', म्हणजे आर्जिनिन, खोटा आहे. तिथे 'जी' आणि 'व्ही', म्हणजे ग्लायसीन आणि व्हॅलिन, अशी दोन आम्लं शेजारी शेजारी आहेत. आणि हा नवा व्हेरिएंट नाही. म्हशीच्या अल्फा-एस-१ केसिनचा ८ ते २२ हा नेहमीचा तुकडा आहे. तुमच्या सर्चला तो सापडला नाही, कारण तुम्ही पाठवलेल्या सेटिंगमध्ये डेटाबेस फक्त गायीचा निवडलेला आहे. गायीत याच तुकड्यातल्या १४ व्या जागी ग्लुटामिक आम्ल, 'ई', असतं. म्हशीत तिथे ग्लायसीन. एका आम्लाचा फरक पडला की साधा डेटाबेस सर्च ते पेप्टाइड ओळखत नाही, कारण तो आधी पूर्ण पेप्टाइडचं वस्तुमान जुळवतो आणि ते इथे ७२ डाल्टनने (डाल्टन हे अणू-रेणूंच्या वस्तुमानाचं एकक) हुकतं.

पण हे मी माहीत असल्यामुळे सांगतोय असं तुम्हाला वाटेल. म्हणून म्हशीचा डेटाबेस डोळ्यांसमोर नाही असं धरून, फक्त तुमच्या पीकांवरून (स्पेक्ट्रममधल्या उंचवट्यांवरून) तिथे पोहोचता येतं का ते बघू. येतं.

तुम्ही पाठवलेल्या यादीतली कामाची पीकं ही: ११०.०७१, १७५.११९, २२६.११९, २६६.१२५, २८३.१४०, २८८.२०३, ४०१.२८७, ४३६.२३०, ५१५.३३०, ६४४.३७३, ७५८.४१६, ८७१.५००, १०२७.५९०, ११५५.६४८ (अगदी बारीक), १२५२.७०१ (सगळ्यांत उंच), १३६५.७८५ आणि १४२२.८०६. ऑर्बिट्रॅपवर एचसीडीने (वायूच्या रेणूंवर आदळून पेप्टाइड तोडण्याची पद्धत) तोडलेलं आहे हे तुमचं नशीब. जुन्या आयन ट्रॅपमध्ये तोडलं असतं तर प्रीकर्सरच्या (न तुटलेल्या पेप्टाइडच्या) साधारण तिसऱ्या हिश्श्याखालची पीकं दिसलीच नसती, आणि इथे पुराव्यातली काही पीकं त्याच भागात आहेत.

चार्ज ठरवणं सोपं आहे. आयसोटोपची पीकं (त्याच पेप्टाइडच्या एकेका न्यूट्रॉनने जड रूपांची) एकमेकांपासून साधारण ०.५०२ वर आहेत, म्हणजे दोन चार्ज. एक चार्जचं वस्तुमान काढायचं तर ८४४.४६५४ दुप्पट करा आणि एका प्रोटॉनचे १.००७३ वजा करा. उत्तर १६८७.९२३५. हा आकडा कागदावर सगळ्यांत वर लिहून ठेवा, पुढे प्रत्येक ताळा त्याच्याशीच करायचाय.

पेप्टाइडचा कणा तुटला की दोन तुकडे होतात. एन-टोकाकडचा (साखळीच्या सुरुवातीचा) तुकडा 'बी' आयन, सी-टोकाकडचा (शेवटाचा) 'वाय' आयन. ही नावं रॉपस्टॉर्फ आणि फोलमन यांनी १९८४ साली सुचवलेल्या पद्धतीतून आली. बी म्हणजे आम्लांच्या वस्तुमानांची बेरीज अधिक १.००७३, वाय म्हणजे बेरीज अधिक १९.०१७८. कुठल्याही एका जागी तुटलेल्या जोडीची बेरीज नेहमी एकच येते. तुमच्या पेप्टाइडसाठी ती १६८७.९२३५ अधिक १.००७३, म्हणजे १६८८.९३१.

ट्रिप्सिन लायसिन किंवा आर्जिनिनच्या पुढे कापतं, म्हणून वाचायला सुरुवात वाय बाजूने करायची. पहिला वाय १४७.११३ ला दिसला तर शेवटी 'के', १७५.११९ ला दिसला तर 'आर'. तुमच्याकडे १७५.११९ स्पष्ट आहे. आता वर चढत जा आणि प्रत्येक पायरीची वजाबाकी करा.

१७५.११९ ते २८८.२०३, फरक ११३.०८४: एल किंवा आय (ल्युसीन किंवा आयसोल्युसीन).
२८८.२०३ ते ४०१.२८७, पुन्हा ११३.०८४.
४०१.२८७ ते ५१५.३३०, फरक ११४.०४३: एन (अस्परजिन).
५१५.३३० ते ६४४.३७३, फरक १२९.०४३: ई.
६४४.३७३ ते ७५८.४१६, फरक ११४.०४३: एन.
७५८.४१६ ते ८७१.५००, फरक ११३.०८४: एल किंवा आय.
८७१.५०० ते १०२७.५९०, फरक १५६.०९०.

इथे घोडं पेंड खातं. आर्जिनिनचं वस्तुमान १५६.१०११. ग्लायसीन ५७.०२१५ आणि व्हॅलिन ९९.०६८४, दोन्ही मिळून १५६.०८९९. फरक अवघा ०.०११२ डाल्टनचा. तुमचा आकडा १५६.०९०, म्हणजे बेरीज जी-व्हीची आहे, आरची नाही. 'आर' असता तर पीक १०२७.६०१ ला हवं होतं. ते ०.०११ ने खाली आहे, म्हणजे जवळजवळ ११ पीपीएम (दशलक्षात ११ भाग). ऑर्बिट्रॅपवर शेजारची सगळी पीकं १-२ पीपीएममध्ये बसत असताना एकच पायरी ११ पीपीएमने घसरेल, हे पटणारं नाही.

प्रोग्रॅमने तरी 'आर' का लिहिला? तुमच्या सेटिंगमध्ये फ्रॅगमेंटची (तुटलेल्या तुकड्यांची) मुभा, म्हणजे चालवून घ्यायची चूक, ०.५ डाल्टन ठेवलेली आहे. ती आयन ट्रॅपच्या काळातली डीफॉल्ट किंमत. एवढ्या सैल मापात आर आणि जी-व्ही एकच दिसतात. मग प्रोग्रॅम काय करतो, मधलं पीक हरवलंय असं मानून दोन आम्लं लिहिण्यापेक्षा एकच आम्ल लिहून मोकळा होतो, कारण त्यात गुण कमी कापले जातात. प्रीकर्सरची मुभा तुम्ही १० पीपीएम दिलीय. 'आर' धरला तर दोन चार्जचा प्रीकर्सर ८४४.४७१२ हवा, तुमचा ८४४.४६५४ आहे. चूक जवळजवळ ७ पीपीएम, १० च्या आतच, म्हणून त्या चाळणीतूनही तो सुटला. जी-व्ही धरलं तर चूक अर्धा पीपीएमसुद्धा नाही.

७ पीपीएम खरंच जास्त की यंत्रच त्या दिवशी तेवढं सरकलेलं होतं, हे नुसत्या या एका पेप्टाइडवरून ठरवू नका. त्याच रनमध्ये ट्रिप्सिनने स्वतःलाच कापल्याचे तुकडे असतात. डुकराच्या ट्रिप्सिनचा व्ही-ए-टी-व्ही-एस-एल-पी-आर हा तुकडा जवळजवळ प्रत्येक नमुन्यात सापडतो, एक चार्जला ८४२.५०९४, दोन चार्जला ४२१.७५८४. तो तुमच्या रनमध्ये किती पीपीएमने चुकतोय ते बघा. तो एक-दोन पीपीएमवर असेल तर यंत्राला दोष देता येणार नाही.

आता वरच्या पायऱ्या. १०२७.५९० ते ११५५.६४८, फरक १२८.०५८. इथेही दोन उमेदवार, ग्लुटामाइन १२८.०५८६ आणि लायसिन १२८.०९५०. फरक ०.०३६, तुमच्या यंत्राला तो सहज दिसतो, म्हणून हा क्यू. पुढे ११५५.६४८ ते १२५२.७०१ म्हणजे ९७.०५३, प्रोलिन. मग ११३.०८४, एल किंवा आय. मग ५७.०२१, ग्लायसीन. १४२२.८०६ ला वाय मालिका संपते. उरले १६८७.९२३५ वजा १४२२.८०६, म्हणजे २६५.११७५. हिस्टिडिन १३७.०५८९ अधिक ग्लुटामाइन १२८.०५८६, बेरीज २६५.११७५. हिस्टिडिन आहे याला स्वतंत्र साक्षीदार ११०.०७१ चं पीक, त्याचा इमोनियम आयन, म्हणजे एकट्या आम्लापासून होणारा छोटा आयन. आणि २६६.१२५ हा दुसरा बी आयन. २६६.१२५ अधिक १४२२.८०६ किती? १६८८.९३१. ताळा जुळला. ४३६.२३० अधिक १२५२.७०१? तेही १६८८.९३१.

एक गोष्ट लक्षात आली का बघा. १०२७.५९० च्या वरची प्रत्येक पायरी अचूक बसते, खालचीही प्रत्येक बसते, आणि 'आर' धरला तर त्या जागेच्या वरची सगळीच्या सगळी पीकं सारख्याच ०.०११ ने खाली राहतात. चूक एका पीकात असती तर नॉइज म्हणता आलं असतं. एका जागेपासून पुढे सगळ्यांना सारखी चूक लागते तेव्हा त्या जागी लिहिलेलं आम्लच चुकीचं असतं. मी विद्यार्थ्यांना पीपीएमच्या चुका पायरीवार कागदावर मांडायला लावतो ते यासाठीच. सरासरी चूक काढली की ही खूण पुसली जाते.

इथवर एवढं सिद्ध झालं की त्या जागी एक जी आणि एक व्ही आहे. क्रम अजून सिद्ध झालेला नाही. जी-व्ही की व्ही-जी? सांगलीहून पेठ नाक्याचं तिकीट काढलं तर नुसत्या भाड्यावरून गाडी मध्ये आष्ट्याला थांबली की नाही हे जसं कळत नाही, तसंच ८७१.५०० आणि १०२७.५९० यांच्या मधल्या फरकातून मधला थांबा कळत नाही. थांब्याचं पीक शोधायला हवं. व्हॅलिन सी-टोकाच्या बाजूला असेल तर ते ९७०.५६८ ला येईल. ग्लायसीन त्या बाजूला असेल तर ९२८.५२१ ला. तुमच्या यादीत दोन्ही नाहीत. पण तुमची यादी प्रोग्रॅमने उंचीची चाळणी लावून गाळलेली आहे, मूळ फाइल नाही. मूळ फाइल उघडा, एमएसकन्व्हर्ट या फाइल बदलणाऱ्या प्रोग्रॅमने बदलून घेतली तरी चालेल, आणि या दोन जागा पूर्ण मोठ्या करून बघा. उंच पीकांच्या तुलनेत एक-दोन टक्के उंचीचं पीक चाळणीत जातं, पण हाताने वाचताना तेवढंही पुरतं. समोरच्या जोडीदाराकडेही बघा, ९७०.५६८ चा जोडीदार बी आयन ७१८.३६३ आहे.

आणि समजा तिथेही काही नसलं, तरी तुमच्या यादीत एक पीक आहे ज्याकडे प्रोग्रॅमने ढुंकूनही पाहिलं नाही: २८३.१४०.

हे ना बी, ना वाय. प्रोलिन असलेल्या पेप्टाइडची एक खोड असते. प्रोलिनच्या अलीकडे, म्हणजे एन-बाजूला, कणा फार सहज तुटतो आणि पलीकडे क्वचितच. म्हणून तुमचं १२५२.७०१, प्रोलिनपासून सुरू होणारा वाय, सगळ्यांत उंच आहे, आणि प्रोलिनच्या लगेच पलीकडे तुटून होणारं ११५५.६४८ अगदी बारीक. हा उंच तुकडा पुन्हा दुसऱ्या टोकाकडून तुटला की प्रोलिनपासून सुरू होणारे मधले तुकडे तयार होतात, त्यांना अंतर्गत फ्रॅगमेंट म्हणतात. पी-क्यू चं वस्तुमान ९७.०५२८ अधिक १२८.०५८६ अधिक १.००७३, म्हणजे २२६.११९. तुमच्याकडे आहे. त्यात ग्लायसीनचे ५७.०२१५ मिळवा: २८३.१४०. तेही आहे! पी-क्यू-जी. म्हणजे क्यूच्या लगेच पुढे ग्लायसीन आहे, आणि उरलेलं व्हॅलिन त्याच्या पुढे. 'आर' असता तर २२६.११९ नंतरची पायरी थेट ३८२.२२० ला आली असती आणि २८३.१४० ला कुठलंही स्पष्टीकरण उरलं नसतं. व्ही-जी असा उलटा क्रम असता तर ३२५.१८७ ला पीक हवं होतं, तिथे तुमच्याकडे काही नाही. एवढ्या एका पीकाने क्रमाचा प्रश्न मिटतो.

म्हणून माझा आग्रह असतो की प्रोलिन दिसलं की अंतर्गत फ्रॅगमेंटची छोटी यादी करूनच पुढे जायचं. बरेच प्रोग्रॅम या पीकांना 'न लागलेली' म्हणून सोडून देतात.

'आर' विरुद्ध आणखी एक मुद्दा आहे, तोही रसायनाचा, आकड्यांचा नाही. 'आर' नंतर 'एल' असेल तर ट्रिप्सिन तिथे कापल्याशिवाय सहसा राहत नाही. एखादा कट चुकतो, पण मग त्याच रनमध्ये कापलेले तुकडेही भरपूर सापडायला हवेत. इथे एल-एन-ई-एन-एल-एल-आर हा तुकडा दोन चार्जला ४३६.२५३ वर सुटा दिसायला हवा होता. सावध राहा, तुमच्या स्पेक्ट्रममध्ये ४३६.२३० चं बी आयन आहे ते वेगळं. मी म्हणतोय ते पहिल्या पातळीच्या (न तोडलेल्या पेप्टाइडांच्या) स्कॅनमध्ये, स्वतंत्र पेप्टाइड म्हणून. तिथे शोधा. सापडणार नाही असं मला वाटतं.

एकमेकांची सोंगं घेणाऱ्या अशा जोड्यांचे दोन प्रकार आहेत आणि त्यांची गल्लत करू नका. आर आणि जी-व्ही, क्यू आणि के, ट्रिप्टोफॅन (१८६.०७९३) आणि एस-व्ही (१८६.१००४), फेनिलॲलानिन (१४७.०६८४) आणि ऑक्सिजन चढलेलं मेथायोनिन (१४७.०३५४), या सगळ्या चांगल्या यंत्रावर वेगळ्या करता येतात. पण दोन ग्लायसीन आणि एक अस्परजिन यांचं रासायनिक सूत्रच एक आहे, ११४.०४२९. ग्लायसीन अधिक ॲलानिन आणि ग्लुटामाइन यांचंही तसंच. तिथे यंत्र कितीही महाग असलं तरी वस्तुमानावरून निवाडा होत नाही, मधलं पीकच हवं. तुमच्या पेप्टाइडमधल्या दोन्ही 'एन' साठी मधलं ५७ चं पीक कुठेच नाही आणि आजूबाजूची मालिका भरगच्च आहे, म्हणून 'एन' लिहायला हरकत नाही. सुरुवातीच्या एच-क्यू बद्दल मात्र मी एवढ्या खात्रीने बोलणार नाही. पहिला बी आयन बहुधा दिसतच नाही, आणि शेवटून दुसरी पायरी, १५५०.८६५, तुमच्या यादीत नाही. त्यामुळे एच-क्यू की क्यू-एच हे या स्पेक्ट्रमवरून ठरलेलं नाही. बाहेरची माहिती न घेता लिहायचं झालं तर कंसात दोन्ही एकत्र लिहायचे. हे ठरवायचंच असेल तर एन-टोकाला डायमिथाइल लेबल (२८.०३१३) लावून पुन्हा चालवतात. मग पहिला ए आयन (बी आयनातून कार्बन मोनॉक्साइड गेलेला) जोरात येतो आणि पहिलं आम्ल उघडं पडतं.

आयोडोॲसिटामाइड (सिस्टीन झाकायला वापरतात ते रसायन) वापरलं असेल तर त्याची एक वेगळी डोकेदुखी असते. ते सिस्टीनला ५७.०२१५ ची भर घालतं, आणि जास्त झालं तर एन-टोकाला किंवा लायसिनलाही चिकटतं. ५७.०२१५ म्हणजे हुबेहूब एक ग्लायसीन! अल्फा-एस-१ केसिनमध्ये सिस्टीन नाहीच, पण अभिक्रियाकारक तर नमुन्यात असतो. तुमच्या बाबतीत दोन्ही ग्लायसीन साखळीच्या आत आहेत आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना तुटल्याचा पुरावा आहे, त्यामुळे हा संशय टिकत नाही. फॉस्फेटचा प्रश्न इथे येत नाही, या तुकड्यात सेरिनही नाही आणि थ्रिओनिनही नाही. केसिनच्या इतर पेप्टाइडांत मात्र तो पावलोपावली भेटेल.

प्रोग्रॅमबद्दल माझं मत विचारलंत म्हणून. २००३ च्या आसपास आलेल्या पीक्स आणि नंतरच्या पेपनोव्होपासून ते हल्लीच्या कॅसानोव्होसारख्या मशीन लर्निंगवाल्या प्रोग्रॅमपर्यंत सगळे उपयोगी आहेत, आणि हजारो स्पेक्ट्रम हाताने वाचत बसणं हा वेडेपणा आहे. पण नवे प्रोग्रॅम ओळखीच्या पेप्टाइडांवर शिकलेले असतात. जिथे पीक नाही तिथेही ते सफाईने काहीतरी लिहितात, आणि ते 'काहीतरी' सवयीतून आलेलं असतं. म्हणून पूर्ण पेप्टाइडचा एकच गुण बघू नका. बहुतेक प्रोग्रॅम प्रत्येक आम्लाचा वेगळा गुण देतात. तुमच्या निकालात १४ पैकी १३ आम्लांना उत्तम गुण असतील आणि मधल्या 'आर' ला कमी, आणि सरासरीत तो लपला असेल. तो रकाना उघडून बघा. आणि फ्रॅगमेंटची मुभा ०.०२ डाल्टन करून तोच प्रोग्रॅम पुन्हा चालवा. बहुधा तो स्वतःच जी-व्ही म्हणेल.

तीन चार्जचा स्पेक्ट्रमही शोधा, तो ५६३.३१२८ ला असेल. या पेप्टाइडमध्ये एन-टोक, हिस्टिडिन आणि आर्जिनिन अशा प्रोटॉन धरून ठेवणाऱ्या जागा आहेत. दोन चार्ज असताना दोन्ही प्रोटॉन आर्जिनिन आणि हिस्टिडिनवर अडकून पडतात, मग कणा ठरावीक जागीच तुटतो, इथे प्रोलिनपाशी. तिसरा प्रोटॉन आला की तो साखळीवर फिरतो आणि तुटणं जास्त जागी विखुरतं. तुमचं हरवलेलं ९७०.५६८ तिथे मिळण्याची शक्यता चांगली आहे. फक्त तीन चार्जमध्ये लांब वाय आयन दोन चार्जचे होतात, उदाहरणार्थ १२५२.७०१ चा तुकडा ६२६.८५४ ला येईल, ते डोक्यात ठेवून वाचा.

हे सगळं झालं की मग डेटाबेस. युनिप्रॉट या प्रथिनांच्या डेटाबेसमधून म्हशीची, बुबॅलस बुबॅलिसची प्रथिनं उतरवा, गायीच्या जोडीला ठेवा आणि पुन्हा सर्च करा. ८४४.४६५४ ला एच-क्यू-जी-एल-पी-क्यू-जी-व्ही-एल-एन-ई-एन-एल-एल-आर सरळ लागेल. गायीतलं तेच पेप्टाइड एच-क्यू-जी-एल-पी-क्यू-ई-व्ही-एल-एन-ई-एन-एल-एल-आर, दोन चार्जला ८८०.४७६१. वाय मालिका ९७०.५६८ पर्यंत दोघांची एकच, त्याच्या पुढच्या पायरीला म्हशीत १०२७.५८९ आणि गायीत १०९९.६११. ग्लुटामिक आम्लाचे कोडॉन (जनुकातले तीन अक्षरी संकेत) जीएए आणि जीएजी, ग्लायसीनच्या चारपैकी दोन जीजीए आणि जीजीजी. मधलं एकच अक्षर बदललं की हा फरक पडतो.

या जोडीचा उपयोग तुमच्या प्रबंधापुरता नाही. सांगली-साताऱ्याकडे म्हशीच्या दुधाला गायीच्या दुधापेक्षा चांगला दर मिळतो, मग एकात दुसरं मिसळलंय का हा प्रश्न सतत येतो. अल्फा-एस-१ केसिनचा हा ८ ते २२ तुकडा गाय, म्हैस, शेळी आणि मेंढी या चौघांत वेगवेगळा असल्यामुळे दूध कुणाचं हे ओळखायला तो वापरला गेला आहे. दूध तापवलं, त्याचं दही लावलं, चीज केलं तरी आम्लांचा क्रम बदलत नाही.

तरीही, तुमच्या घरच्या म्हशीच्या नमुन्यात ८८०.४७६१ दिसलं तर लगेच कुणावर बोट रोखू नका. आधी दूध कुठल्या किटलीत आणलं ते विचारा. मग केंद्राला विचारा, कारण गायीचं केसिन प्रयोगशाळांमध्ये सगळीकडे असतं. यंत्र तपासायला प्रमाण म्हणून, वेस्टर्न ब्लॉट या प्रथिन ओळखण्याच्या चाचणीत पडद्याच्या मोकळ्या जागा झाकायला दुधाची पावडर म्हणून. नेहमीच्या दूषितांच्या यादीत गायीचं केसिन असतंच, आणि आधीच्या नमुन्याचं कॉलममध्ये चिकटून राहिलेलं पेप्टाइड पुढच्या रनमध्ये उतरतं. तुमच्या नमुन्याच्या आधी कोरा रन चालवला होता का, आणि त्यात ८८०.४७६१ होतं का, एवढं बघितलं तरी पुरेल.

डेटाबेस हाताशी असताना एवढा खटाटोप का, असं तुमचे मार्गदर्शक म्हणतील. दुधाच्या बाबतीत त्यांचं बरोबर आहे. पण उद्या कासच्या पठारावरच्या, जीनोम कुणी वाचलेलाच नाही अशा एखाद्या वनस्पतीचं प्रथिन हातात आलं, किंवा ज्याच्या जनुकाची नोंद नाही असं अँटिबॉडीचं पेप्टाइड आलं, तर म्हशीच्या डेटाबेससारखा आधार तिथे नसेल. तेव्हा मिळालेला अर्धवट क्रम जवळच्या नातेवाईक जातींशी ब्लास्ट या क्रम जुळवणाऱ्या प्रोग्रॅमने ताडून बघतात, आणि त्यात मधोमध एक खोटा 'आर' असला तर शोधच भलतीकडे जातो.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, एल की आय. चार जागी ११३.०८४ आलंय आणि ल्युसीन-आयसोल्युसीनचं सूत्र एकच आहे. एचसीडीने हे वेगळं होत नाही. ईटीएचसीडी (आधी इलेक्ट्रॉन देऊन तोडण्याची पद्धत) असलेल्या यंत्रावर झेड आयनातून (तिथे होणाऱ्या सी-टोकाकडच्या तुकड्यातून) बाजूची साखळी तुटते, ल्युसीनमधून ४३.०५५ जातात आणि आयसोल्युसीनमधून २९.०३९, त्यावरून ठरवता येतं. तुमच्याकडे ती सोय नसेल तर प्रबंधात स्पेक्ट्रमवरून काढलेला क्रम लिहिताना या चारही जागी 'जे' लिहा. एल आणि आय यांपैकी कुठलंही, अशा अर्थाने ते अक्षर मान्य आहे. खाली वेगळ्या ओळीत म्हशीच्या डेटाबेसमधला क्रम 'एल' घालून द्या, आणि कुठली अक्षरं पीकांवरून आली आणि कुठली डेटाबेसवरून, हे तक्त्याच्या मथळ्यातच लिहा. परीक्षक हमखास हेच विचारतात. सुरुवातीचे एच-क्यू कंसात ठेवायला विसरू नका, आणि २८३.१४० चं पीक आकृतीत नाव घालून दाखवा.